गाडी उभी असेल, तर इंजिन बंद असावे
आपण नुकताच परवाना मिळवून ठाण्यात गाडी चालवू लागला आहात, म्हणून आरंभी मोजक्याच गोष्टी सांगतो. बाकीच्या सरावाने येतील.

तीन हात नाक्यावर सिग्नल बराच वेळ सुटणार नसेल, किंवा शाळेच्या फाटकाशी आपण मुलाची वाट पाहत उभे असाल, तर इंजिन बंद करावे. पुन्हा चालू करताना जास्त पेट्रोल जळते, हा समज कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांपासून चालत आलेला आहे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनाला त्यासाठी दहा सेकंद उभ्याने चालण्याइतकेही इंधन सहसा लागत नाही. उलट, एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि उभ्या गाडीने त्या बदल्यात एक मीटरही अंतर कापलेले नसते.

सकाळी पाच-पाच मिनिटे इंजिन तापवणे, ही नवशिक्यांची दुसरी चूक. आपल्याकडच्या हवेत अर्धा मिनिट पुरतो.

सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते सोसायटीच्या तळघरातील पार्किंगविषयी. एसीसाठी इंजिन चालू ठेवून तेथे कधीही बसू नये, झोपू तर नयेच. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो, वासही नसतो आणि तो जीव घेतो.

मात्र गाडी सरकत असताना इंजिन बंद करू नये, कारण ब्रेक आणि स्टिअरिंगला मिळणारी मदत तेव्हा थांबते. गायमुख घाटात रांग कासवगतीने पुढे जात असेल, तर ते चालूच असू द्यावे.