एकच चित्र घ्या आणि बघत बसा

चित्रं बघायला शिकायचं असेल तर पहिलं सांगतो, चित्रकारांची नावं आणि शैलींची यादी पाठ करायला बसू नका. मी दोन वर्षं तेच केलं. नावं आली, बघायला काही आलं नाही.

एकच चित्र घ्या. डच चित्रकार व्हर्मीरचं ‘दूध ओतणारी मोलकरीण’ घ्या, साधारण १६६० च्या सुमाराचं. घड्याळ लावून दहा मिनिटं नुसतं बघा, माहिती नंतर वाचा. आधी दुधाची बारीक धार दिसेल. मग पावावर पडलेले उजेडाचे ठिपके. मागची भिंत पहिल्या नजरेला रिकामी वाटते, पण तिच्यावर एक खिळा आहे, त्याची सावली आहे, उपटलेल्या खिळ्यांची भोकंसुद्धा आहेत. भोकं कोण कशाला रंगवेल? हा प्रश्न तुम्हाला पडला की निम्मं काम झालं.

आकार मात्र तपासत जा. हे चित्र जेमतेम ४५ सेंटिमीटर उंच, तर रेम्ब्रांट या दुसऱ्या डच चित्रकाराचं १६४२ मधलं ‘नाइट वॉच’ (म्हणजे रात्रीचा पहारा) साडेतीन मीटरहून उंच. फोनवर दोन्ही सारखीच दिसतात, तिथेच फसगत होते. (‘नाइट वॉच’ हे रात्रीचं दृश्य नाहीच म्हणा, रंगांवरचं वॉर्निश काळवंडलं आणि नाव चिकटलं.)

एखादं गाजलेलं चित्र आवडलं नाही तर खुशाल तसं म्हणा. मला रूबेन्स हा गाजलेला चित्रकार अजून पचत नाही. फक्त का आवडलं नाही ते वहीत दोन ओळींत लिहून ठेवा आणि वर्षभराने तेच चित्र पुन्हा काढून बघा.