वाचक विचारतात : गच्चीवरचं सोलर

प्रश्न : महिन्याला सरासरी २८० युनिट लागतात. विक्रेता ५ किलोवॉट बसवा म्हणतो. गच्चीच्या दक्षिण कडेला पाण्याची टाकी आहे, तिची अडचण होईल का? (सांगली)

आधी गेल्या बारा बिलांची युनिटं जोडा. आपल्याकडे १ किलोवॉटमागे वर्षभराच्या सरासरीने रोज ४ युनिट, म्हणजे महिन्याला १२० युनिट धरावीत. जुलै-ऑगस्टमध्ये ती बरीच घटतात. तुम्हाला ३ किलोवॉट पुरतं. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान ३ किलोवॉटला ७८ हजार रुपये आहे आणि ५ किलोवॉटलाही तेवढंच. जादा युनिट पुढच्या महिन्यांत वळती होतात, पण आर्थिक वर्ष संपताना उरलेल्या युनिटांना मिळणारा दर तुम्ही भरता त्यापेक्षा बराच कमी असतो. वीज विकून कमाई होईल या भरवशावर मोठा संच घेऊ नका. स्थिर आकार तर भरावाच लागतो.

टाकीचा प्रश्न मात्र गंभीर आहे. ५४० वॉटची सहा पॅनेल एकाच साखळीत जोडलेली असतात. एकावर सावली पडली की त्यातून जाणारा प्रवाह घटतो आणि त्याचा फटका सगळ्या साखळीला बसतो. बायपास डायोड सावलीतला भाग वगळून प्रवाहाला वाट देतो, पण त्या पॅनेलचा किमान तिसरा हिस्सा बंद पडतो. हातभर सावलीचंही नुकसान मोठं असतं ते यामुळे.

सावली जूनमध्ये तपासली तर फसाल. तेव्हा भर दुपारी सूर्य सांगलीत डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरात तो दक्षिणेला कलतो. टाकीचा माथा पॅनेलच्या खालच्या कडेपेक्षा ५ फूट उंच असेल, तर दुपारी साडेबाराला सावली उत्तरेकडे सव्वाचार फूट पडते आणि सकाळी साडेनऊला वायव्येकडे साडेआठ फूट. तेवढी जागा मोकळी सोडा, नाहीतर सांगाडा उंच करा. दोन्ही जमत नसेल तर प्रत्येक पॅनेलला ऑप्टिमायझर, म्हणजे सावलीचा फटका त्या पॅनेलपुरताच ठेवणारं उपकरण, लावून घ्या.

प्रश्न : वीज गेली की सोलर चालेल ना? घरात बॅटरीचा इन्व्हर्टर आहे. (लातूर)

नाही. ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, जोडलेला सोलर इन्व्हर्टर वीज जाताच आपोआप बंद होतो. तसं झालं नाही तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या तारेत तुमच्या गच्चीवरून वीज जाईल. उजेड हवा असेल तर हायब्रीड (बॅटरीवरही चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते, खर्चही त्याप्रमाणे वाढतो. एक चूक कोणालाही करू देऊ नका : सोलरची जोडणी जुन्या इन्व्हर्टरच्या आउटपुटवर द्यायची नाही. वीज गेल्यावर सोलर त्यालाच ग्रीड समजून उलटी वीज ढकलू शकतो आणि जुना इन्व्हर्टर जळू शकतो.

प्रश्न : स्लॅबला भोकं पाडली तर गळती होईल अशी भीती वाटते. समुद्र जवळ आहे. (रत्नागिरी)

भीती रास्त आहे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग बाकी असेल तर ते आधी उरका, पॅनेल बसल्यावर खाली हात पोचत नाही. भोकांऐवजी स्लॅबवर काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात सांगाड्याचे पाय बसवता येतात. मात्र ठोकळ्यांचं वजन वाऱ्याच्या हिशेबाने ठरवून घ्या. सहा पॅनेलचं मिळून वजन १७० किलोच्या आसपास, स्लॅबला ते जड नाही. धोका असतो तो वारा खालून पॅनेल उचलतो त्याचा.

सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड हवा, जस्ताचा थर ८० मायक्रॉनचा, आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे. कारागीर जागेवर पाइप कापतात, तिथला थर जातो आणि खाऱ्या हवेत गंज तिथूनच सुरू होतो. कापलेल्या प्रत्येक टोकाला त्याच दिवशी झिंक पेंट लावून घ्या. अर्थिंगचे खड्डे तीन : डीसी (पॅनेलकडचा), एसी (इन्व्हर्टरनंतरचा) आणि आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचा वेगळा. एकातच सगळं उरकणाऱ्याला काम देऊ नका.

प्रश्न : वीजबिल दिवंगत वडिलांच्या नावावर आहे. अनुदान मिळेल का? (नाशिक)

आधी महावितरणकडे नावबदल करून घ्या, मगच अर्ज भरा. अनुदानासाठी पॅनेलमधले सेलही भारतीय बनावटीचेच हवेत. कोटेशनवर ‘डीसीआर’ (देशी बनावटीची अट पाळणारं) हा शब्द लिहून घ्या.

प्रश्न : पॅनेल धुवायची कशी? (जळगाव)

कोरड्या महिन्यांत पंधरा दिवसांनी, सकाळी काच थंड असताना, मऊ मॉपने. बोअरचं क्षारयुक्त पाणी काचेवर वाळू देऊ नका, पांढरे डाग पुढे निघत नाहीत. पॅनेलवर पाय ठेवायचा नाही, आतल्या सेलना न दिसणाऱ्या चिरा जातात.