त्या संध्याकाळी आम्ही गेलं तर चालेल का?

ताई, सप्रेम नमस्कार. आठ महिन्यांपूर्वी आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहायला आलो. मुलगी नऊ वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात तिनं शाळेतून एक पत्रक आणलं. शहरातल्या एका संग्रहालयात फेब्रुवारीत एका संध्याकाळी ब्लॅक संस्कृतीचा सोहळा आहे. ढोल, नाच, गोधड्यांचं प्रदर्शन, गाणी, खाणं, आणि प्रवेश सगळ्यांना मोफत. तिला जायचंच आहे. हे म्हणतात, तो त्यांचा कार्यक्रम, आपण मध्ये कशाला? शिवाय तो भाग रात्रीचा बरा नाही, असं ऑफिसातले सांगतात. मलाही कळत नाहीये. गेलोच तर काय घालायचं, कसं वागायचं? आम्हाला पाहून त्यांना विचित्र वाटेल का?
— एक वाचक, नेपरव्हिल

जा. तिघंही जा, आणि लवकर जा. पहिल्या अर्ध्या तासात गोधड्या निवांत बघता येतात. नंतर त्यांच्यापुढं इतकी गर्दी होते की नऊ वर्षांच्या मुलीला पाठी आणि कोटच दिसतील.

तो कार्यक्रम त्यांचा, हे तुमच्या यजमानांचं म्हणणं खरं आहे. पण लग्नही दुसऱ्याच्या घरचंच असतं, तरी बोलावणं आलं की आपण अक्षता टाकायला जातो. मी शिकागोत १९९४ पासून राहते आणि गेली सोळा वर्षं इथल्या एका संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून काम करते. अशा कितीतरी संध्याकाळी मी दारात उभी राहिले आहे, लोकांचे कोट घेतले आहेत, वाट दाखवली आहे. पत्रकावरचं ‘सगळ्यांना’ हे बोलावणं तोंडदेखलं नसतं, हे मी छातीठोकपणे सांगते. दार बंद असणं म्हणजे काय, हे त्या दालनातल्या वयस्कर माणसांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. मेम्फिसच्या प्राणिसंग्रहालयात १९५० च्या दशकात काळ्या कुटुंबांना आठवड्यातला एकच दिवस प्रवेश होता. त्या दिवशी आईचं बोट धरून रांगेत उभी राहिलेली मुलं आज आजी-आजोबा आहेत, आणि अशा संध्याकाळी ती पहिल्या रांगेत बसलेली असतात.

शिकागोतलं ड्युसेबल संग्रहालय १९६१ मध्ये सुरू झालं ते मार्गारेट बरोज आणि चार्ल्स बरोज या जोडप्याच्या राहत्या घरात. मार्गारेट चित्रकार आणि शिक्षिका. त्यांच्या लोकांचा इतिहास मोठ्या संग्रहालयांत जवळजवळ नव्हता, म्हणून तो त्यांनी आपल्या बैठकीच्या खोलीत मांडला. १९७३ मध्ये ते संग्रहालय वॉशिंग्टन पार्कमधल्या इमारतीत गेलं. घरातून सुरू झालेल्या गोष्टीला घरासारखीच आतिथ्याची सवय लागते, असं मला तिथं गेल्यावर नेहमी वाटतं.

आता त्या भागाबद्दल. ऑफिसातल्या किती जणांनी तो भाग डोळ्यांनी बघितलाय, हे एकदा विचारा. साउथ साइड हा शहराचा केवढा तरी मोठा भाग आहे. शिकागो विद्यापीठही तिथंच आहे, आणि तिथं शिकणारी मराठी मुलं रात्री लायब्ररीतून खोलीवर येतातच की. मोठ्या शहरात रात्री जेवढी काळजी घ्यायची तेवढी घ्या: गाडी संग्रहालयाच्या पार्किंगमध्ये लावा, पर्स गाडीत दिसेल अशी ठेवू नका. आपल्या मंडळींच्या गप्पांत ‘काळ्यांची वस्ती’ हे शब्द ज्या सुरात उच्चारले जातात, तो मी तीस वर्षं ऐकते आहे. दर वेळी मनाला लागतो. तो सूर मुलं बरोब्बर उचलतात, आणि तुमच्या लेकीनं तो उचलायच्या आधी हे पत्रक तुमच्या घरात आलंय, याचा मला फार आनंद झाला.

यजमानांना आणखी एक गोष्ट सांगा. १९४६ च्या कायद्यानं वर्षाला जेमतेम १०० भारतीयांना अमेरिकेत स्थलांतरित म्हणून येता येत असे. ही देशवार कोटापद्धत मोडली १९६५ च्या कायद्यानं. त्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली ३ ऑक्टोबरला. त्याच्या दोनच महिने आधी, ६ ऑगस्टला, त्यांनीच काळ्या नागरिकांच्या मतदानहक्काच्या कायद्यावर सही केली होती. वंश पाहून माणसाला दारातूनच परत पाठवणं चूक आहे, ही गोष्ट या देशाला काळ्या लोकांनी मार खाऊन, तुरुंगात जाऊन मान्य करायला लावली, आणि त्याच लाटेत आपल्यासाठीचं दारही उघडलं. माझे दीर १९७१ मध्ये इंजिनिअर म्हणून इथं आले, त्यांच्यामागून पुढं आम्ही. तेव्हा ‘आपण मध्ये कशाला’ हा प्रश्न मला पडत नाही.

कपडे चांगले घाला. तिथं बायका ठेवणीतल्या टोप्या घालून येतात, पुरुष कडक इस्त्रीचे सूट घालतात, लहान मुलांचे बूट चकाकत असतात. आपण जीन्सवर स्वेटशर्ट चढवून गेलो तर समारंभाचा मान राखला जात नाही. साडी, पंजाबी ड्रेस, काहीही चालेल. केंटे कापड मात्र मुद्दाम विकत आणून नेसू नका. घानामधल्या असान्ते आणि एवे विणकरांचं ते कापड, त्याच्या रंगांना आणि नक्षीला अर्थ असतात. ते त्यांच्या अंगावर बघा, आवडलं तर तसं सांगा.

माझ्या हातून सुरुवातीच्या वर्षांत घडलेली चूक तुम्हाला सांगते, म्हणजे ती तुमच्या हातून घडणार नाही. १९९७ ची गोष्ट. पाच-सहा वर्षांची एक मुलगी माझ्यासमोर उभी होती. तिच्या बारीक बारीक वेण्यांच्या टोकांना पांढरे आणि निळे मणी होते, मान वळली की ते एकमेकांवर वाजायचे. मी कौतुकानं एक वेणी बोटांत धरली. मुलगी मागं सरकली. तिची आजी माझ्याकडं वळून अगदी हळू आवाजात म्हणाली, “ती इथं मांडून ठेवलेली नाहीये.” मी माफी मागितली, आजीची आणि मग खाली वाकून त्या मुलीचीही. आजीनं मान डोलावली आणि शेजारची खुर्ची माझ्यासाठी ओढली. त्या वेण्या घालायला आदल्या दिवशी चार तास लागले होते, हे तिनं मला तिथं बसल्यावर सांगितलं. केसांना हात लावायचा नाही, मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. मुलीला हे घरीच सांगून ठेवा.

गोधड्यांपाशी वेळ काढा. अलाबामात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या बायकांच्या गोधड्या २००२ पासून मोठमोठ्या कलासंग्रहालयांत भिंतीवर लागल्या. मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये नवरा वारल्यावर त्याचे शेतातले कपडे जोडून एक गोधडी शिवली, त्याची आठवण म्हणून आणि त्याच पांघरुणाखाली झोपता यावं म्हणून. अशा गोधड्यांत उन्हानं विटलेल्या डेनिमवर मध्येच एक गडद निळा चौकोन दिसतो. तिथं खिसा होता. खिसा उसवून काढला तेव्हा त्याच्याखालचं न विटलेलं कापड वर आलं. लेकीला तो चौकोन शोधायला लावा. आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी ज्यांनी अंगावर घेतली आहे त्यांना त्यापुढं फार काही समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडं एकदा एक आजोबा अशाच गोधडीपुढं बराच वेळ उभे होते. म्हणाले, आजीनं मिसिसिपीहून येताना इलिनॉय सेंट्रलच्या गाडीत अशीच एक गुंडाळून आणली होती, इकडच्या थंडीसाठी. १९१० मध्ये शिकागोत सुमारे ४४ हजार काळे लोक होते, १९३० मध्ये २ लाख ३० हजारांवर. गाड्या भरभरून माणसं दक्षिणेतून आली, आणि त्यांच्या सामानात काय काय होतं ते असं एखाद्या भिंतीपुढं कळतं.

कार्यक्रम सुरू झाला की हाताची घडी घालून गप्प बसू नका. आपल्याकडं श्रोता शांत बसला की सभ्य समजतात, तिथं गप्प श्रोता म्हणजे रुसलेला पाहुणा. वक्त्यानं किंवा गाणाऱ्यानं एक ओळ टाकली की समोरून साद येते, ‘यस’, ‘दॅट्स राइट’. पोवाड्यात झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणतात ना, त्याच जागी इथं सगळं सभागृह असतं. मग पावलांचा कार्यक्रम असेल, ज्याला स्टेपिंग म्हणतात. एकही वाद्य नसतं. टाळ्या, मांड्यांवर थापा आणि बुटांचा ठेका, बस्स. दक्षिण कॅरोलिनात १७३९ मध्ये स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. पुढच्या वर्षीच्या कायद्यानं त्यांच्या ढोलांवर बंदी आली. ढोल काढून घेतले, पण ताल हातापायांत राहिला. त्या जमिनीतून येणारी धडधड तुमच्या खुर्चीच्या पायांतून वर चढते. लेकीला पुढं बसवा.

शेवटी बहुतेक वेळा सगळे रांगा करून एकाच चालीवर नाचतात. कुणीतरी तुमचा हात धरून ओढेल. जा. चार पावलं उजवीकडं, चार डावीकडं, चुकलात तर शेजारची बाई आपोआप सावरून घेते.

खाण्याचं थोडक्यात. प्रवेश मोफत असला तरी खाणं बहुधा विकत असतं. तुम्ही शाकाहारी असाल तर कॉलर्डची पालेभाजी घेण्याआधी विचारा, तिच्यात डुकराचं किंवा टर्कीचं धुरावलेलं मांस घालायची पद्धत आहे. भात आणि चवळीलाही तेच लागू. चवळी आणि भेंडी दोन्ही आफ्रिकेतून आल्या, इकडं गुलामांच्या जहाजांबरोबर आणि आपल्याकडं त्याच्याही कितीतरी आधी. ‘गम्बो’ या इथल्या दाट रश्श्याचं नावसुद्धा भेंडीच्याच एका आफ्रिकी शब्दावरून पडलंय. आणि हो, मोफत असलं तरी बऱ्याच ठिकाणी वेळ आधी नोंदवावी लागते. ते आजच करून टाका.

प्रश्न: घरात सासूबाई ‘निग्रो’ म्हणतात, वर्तमानपत्रात ‘कृष्णवर्णीय’ असतं, मुलगा म्हणतो ‘ब्लॅक’ म्हण. बरोबर काय? — एक वाचक, नाशिक

मुलाचं ऐका. ‘निग्रो’ हा शब्द आपल्या जुन्या पुस्तकांत सर्रास आहे, आणि त्या काळी ते लोक स्वतःही तो वापरत. आज तो कुणाला उद्देशून म्हणणं अपमानाचं आहे. सासूबाईंना प्रेमानं सांगा, त्यांना वाईट काही म्हणायचं नसणार. ‘हबशी’ तर नकोच. हबश म्हणजे अ‍ॅबिसिनिया, आजचा इथिओपिया, पण आपल्या तोंडी त्या शब्दाची शिवी झाली आहे. ‘कृष्णवर्णीय’ लिहिताना ठीक आहे, बोलताना मला तो फार सोवळ्यातला वाटतो. ‘आफ्रिकन अमेरिकन’ही चालतं, मात्र हैतीहून किंवा नायजेरियाहून आलेला माणूस ब्लॅक असेल आणि तरी स्वतःला तसं म्हणवून घेणार नाही.

सासूबाईंना जोतीराव फुल्यांविषयी आदर असेल तर ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका वाचून दाखवा. १८७३ चं ते पुस्तक जोतीरावांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, त्यांनी तिथल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी केलेल्या कामाबद्दल. आणि १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले काळे विचारवंत आणि नेते डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं होतं. संयुक्त राष्ट्रांकडं तिथल्या काळ्या लोकांनी केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. ड्युबॉइस यांनी उलटटपाली आस्थेनं उत्तर दिलं. आपल्या भाषेत हे नातं जुनं आहे.

प्रश्न: ब्लॅक हिस्ट्री मंथ, म्हणजे काळ्या लोकांच्या इतिहासाचा महिना, फेब्रुवारीतच का? सगळ्यात छोटा आणि थंड महिना दिला, असं माझी मैत्रीण म्हणते. — एक वाचक, शॉम्बर्ग

कुणी दिलेला नाही, कार्टर वुडसन या काळ्या इतिहासकारानं निवडला. वुडसन यांचे आई-वडील गुलामगिरीत जन्मलेले. ते स्वतः वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसाखाणीत राबले, विशीत हायस्कुलात गेले आणि १९१२ मध्ये हार्वर्डमधून पीएच.डी. झाले. १९२६ मध्ये त्यांनी काळ्या लोकांच्या इतिहासाचा एक आठवडा सुरू केला, फेब्रुवारीत, कारण लिंकन यांचा वाढदिवस १२ ला येतो आणि गुलामगिरीतून सुटून तिच्याविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचा १४ ला पाळला जाई. त्या दिवशी वस्त्यांमध्ये आधीपासूनच समारंभ होत. आठवड्याचा महिना झाला १९७६ मध्ये. तुमच्या मैत्रिणीला हेही सांगा की ज्या संस्थेमार्फत त्यांनी हे केलं, ती १९१५ मध्ये आपल्या शिकागोतच, ब्रॉन्झव्हिलमधल्या वायएमसीएच्या इमारतीत स्थापन झाली. ती लाल विटांची इमारत वॅबॅश अ‍ॅव्हेन्यूवर अजून उभी आहे.

प्रश्न: अशा एका कार्यक्रमात मध्येच सगळे उठून उभे राहिले आणि गाऊ लागले. राष्ट्रगीत नव्हतं. आम्ही बसून राहिलो, चुकलं का? — एक वाचक, ऑरोरा

ते ‘लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग’, १९०० मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला लिंकन यांच्या वाढदिवशी शाळेतल्या ५०० मुलांनी पहिल्यांदा गायलेलं गाणं. शब्द जेम्स वेल्डन जॉन्सन यांचे, चाल त्यांच्या भावाची. ‘ब्लॅक राष्ट्रगीत’ म्हणूनच ते ओळखलं जातं. माहीत नव्हतं, त्यामुळं मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वेळी उभे राहा. शब्द बहुधा पडद्यावर किंवा पत्रिकेच्या मागच्या पानावर असतात. तीन कडवी आहेत, तिसरं सगळ्यात हळू म्हणतात.