नुसतं चिन्ह जुळलं म्हणून

नांदेड

प्रिय बाळ,

तुझं पत्र वाचलं. तू म्हणतोस, रेणूचं मोजलेलं विशिष्ट घूर्णन, म्हणजे तो ध्रुवित प्रकाशाचं प्रतल किती वळवतो तो आकडा, +१८; आर आणि एस या आरशातल्या प्रतिमांसारख्या दोन रचनांपैकी आर-रचनेचं संगणकावर आलं +३१, दोन्ही धन, म्हणून रेणू आर. एवढ्यावर प्रबंधात लिहू नकोस.

तुझे वडील लातूरकडच्या कारखान्यात रसाचा पोल, म्हणजे घूर्णनावरून साखरेचं प्रमाण, काढतात. त्यांचं काम सरळ आहे. साखरेची रचना ठाऊक, तिचं घूर्णन +६६.५ हेही ठाऊक. रीडिंगवरून साखर किती तेवढं काढायचं. तुला मात्र पोलारिमीटरच्या, म्हणजे घूर्णन मोजणाऱ्या यंत्राच्या, आकड्यावरून रचनाच ठरवायची आहे, आणि एकाच आकड्यावर हा भार पेलत नाही.

रचनेवरून घूर्णन काढायचं सूत्र भौतिकशास्त्रज्ञ रोझेनफेल्डने १९२८ सालीच दिलं होतं. ते पहिल्या तत्त्वांपासून रेणूंवर चालवून रचना ठरवणं रसायनशास्त्रज्ञ पोलावरपूंनी १९९७ मध्ये दाखवलं. आता बी३एलवायपी हे फंक्शनल (इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढायचं अंदाजी सूत्र) आणि ऑग-सीसी-पीव्हीडीझेड हा बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांचं वर्णन करणाऱ्या फलनांचा संच) ही जोडी रुळली आहे. डिफ्यूज, म्हणजे केंद्रकापासून दूरवर पसरलेली, फंक्शन नसलेल्या बेसिस सेटवरचा आकडा मी तरी वाचत नाही. पण ताठर रेणूंवरही या जोडीची चूक साधारण २०-३० अंशांची असते. मग तुझं +३१ शून्याच्या किती जवळ आहे बघ.

त्यात तुझा रेणू ताठर नाही, लांब साखळी आहे त्याला. खरी गोम इथंच आहे. साखळी वळून रेणू जे वेगवेगळे आकार घेतो ते कन्फर्मर. समज, दोनच कन्फर्मर आहेत, एकाचं घूर्णन +२००, दुसऱ्याचं −१५०. ऊर्जा सारखी असेल तर सरासरी +२५. पहिला एक किलोकॅलरीने खाली असेल तर +१४५. दुसरा तेवढाच खाली असेल तर −९५! आणि एक किलोकॅलरीची चूक या पद्धतींत सर्रास होते. म्हणून कन्फर्मर शोधताना कंजुषी करू नकोस, आणि ऊर्जा दुसऱ्या एखाद्या फंक्शनलनेही काढून बघ.

द्रावकाकडेही लक्ष दे. मिथाइलऑक्सिरेन केवढासा रेणू, पण पाण्यात आणि बेन्झीनमध्ये त्याचं चिन्ह उलटसुलट होतं.

एस-रचना वेगळी चालवण्यात मशीनचे तास घालवू नकोस, चिन्ह बदललं की झालं. कायरल केंद्रं, म्हणजे आर किंवा एस असू शकणारे अणू, दोन असतील तर मात्र दोन्ही डायस्टिरिओमर, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा नसलेल्या रचना, चालवावेच लागतील. गणित अर्ध्यावरून पुढे नेता यावं म्हणून चेकपॉइंट फाइल ठेवत जा. आपल्याकडे लाईटचा काही भरवसा नाही.

घूर्णन एकट्या ५८९ नॅनोमीटरवर मोजू नकोस, ५४६, ४३६ आणि जमलं तर ३६५ वरही घे. तरंगलांबी कमी होताना आकडा बहुधा वाढतो. गणितातला कलही तसाच आला तर तुझ्या बाजूने काही बोलता येईल. तरीही आकडे लहानच राहिले तर सरळ व्हीसीडीकडे, म्हणजे डाव्या-उजव्या वर्तुळी ध्रुवित अवरक्त प्रकाशाच्या शोषणातला फरक मोजण्याकडे, वळ, त्यात एक चिन्ह नाही, पट्ट्यांची अख्खी रांग जुळवता येते.

पुढच्या पत्रासोबत सगळ्या कन्फर्मरचा तक्ता पाठव, ऊर्जा आणि घूर्णन शेजारी शेजारी लिहून. कोणते गाळलेस तेही त्यात असू दे.

तुझा,
सर