कल्याणच्या पुढे घर घेताना

चि. बहिणीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली दोन्ही माहितीपत्रकं सावकाश वाचली. एक बदलापूर पश्चिमेचं, एक टिटवाळ्याचं. दोघांचंही सांगणं एकच, मुंबईतल्या भाड्याइतक्या हप्त्यात स्वतःचा टू बीएचके. तुझा पगार बघता परळच्या आसपास घर जमणार नाही हे उघड आहे, तेव्हा कल्याणच्या पुढे जायचं हे ठरलंच समज. प्रश्न उरतो तो तिथे नेमकं कुठे घ्यायचं याचा. माझं मत आधीच सांगून टाकते. स्टेशनपासून पायी जाता येईल अशा वसलेल्या भागातला, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, मिळालेला वन बीएचके घे. गावाबाहेरच्या माळावर उभं राहत असलेल्या संकुलातला टू बीएचके नको.

तू अंतरं काढली आहेस. सीएसएमटीपासून टिटवाळा ६४ किलोमीटर, बदलापूर ६८. पण रोजच्या प्रवासात हे आकडे फारसे कामाला येत नाहीत. कल्याणला लाईन फुटते, एक फाटा कर्जतकडे, एक कसाऱ्याकडे. पुढे लोकल कमी होतात, आणि त्यांना मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्यांसाठी थांबावंही लागतं. ठाण्याला गाडी चुकली तर पाठोपाठ दुसरी असते. इथे एक चुकली की ऑफिसचा लेटमार्क ठरलेला.

म्हणून ज्या स्टेशनातून लोकल सुटते तिथे घर असणं मोठी गोष्ट आहे, आणि टिटवाळा, बदलापूर दोन्ही त्यातली आहेत. तरी बसायला मिळेल असं गृहीत धरू नकोस. सकाळची बदलापूर लोकल फलाटाला लागते तेव्हा बायकांच्या डब्यातल्या खिडक्या आधीच भरलेल्या असतात, अंबरनाथहून डाऊन करून, म्हणजे उलट दिशेने बदलापूरपर्यंत येऊन त्याच गाडीत बसून राहिलेल्यांनी. उरलेल्या जागा जातात त्यांच्याकडे, ज्यांना डब्याचं दार कुठल्या खांबासमोर येतं हे पाठ आहे. कामाच्या दिवशी एकदा या गर्दीतून दादरला जाऊन बघ. गाडीतला सव्वा तास धर, त्यात घरापासून फलाटापर्यंतचा वेळ मिळव. माहितीपत्रकातली ‘स्टेशनपासून १० मिनिटं’ ही रिकाम्या रस्त्यावर, स्वतःच्या मोटारीने असतात. तुला रात्री साडेनऊला शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचंय. त्या रस्त्यावर दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का, शेवटची रिक्षा किती वाजता मिळते, हे तिथे जाऊनच कळतं. पायी अंतरावरच्या घराचा खरा फायदा इथे आहे. वर्षानुवर्षं रोज चाळीस-पन्नास मिनिटं तुझ्या हाताशी राहतात.

येणाऱ्या मेट्रोच्या नावावर चार पैसे जास्त मोजू नकोस. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. ती आता येईल या भरवशावर ज्यांनी तेव्हा कल्याणात घरं घेतली, त्यांचे हप्ते लगेच सुरू झाले आणि मेट्रोची वाट मात्र वर्षानुवर्षं बघावी लागली. आज जी गाडी धावते तिच्यावर आपलं भागतं का, तेवढंच बघायचं.

आता पाऊस. बदलापूरला उल्हास नदी आहे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती, हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. त्याच नदीचं पाणी पश्चिमेला हेंद्रेपाड्यासारख्या भागात शिरतं. जलसंपदा विभागाने नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखलेली असते. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत नवीन बांधकामाला मनाई आहे. म्हणजे तिथली जुनी इमारत उद्या पुनर्विकासाला आली तर तिचं घोडं अडू शकतं. आपली इमारत कुठल्या रेषेत बसते हे नगरपरिषदेच्या नगररचना विभागात विचार. ‘आमच्याकडे पाणी येत नाही’ असं एजंट म्हणाला तर तळमजल्यावरच्या किराणावाल्याला गाठ, सामान कुठपर्यंत उचलून ठेवावं लागतं ते तो हात करून दाखवील. पिण्याच्या पाण्याचंही असंच. तिथे ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून येतं. नळजोडणी मंजूर आहे का, आणि मे महिन्यात सोसायटीचं टँकरचं बिल किती होतं, हे सेक्रेटरीला विचार. सोसायटीच नसेल तर विचारायला कोणी नाही, आणि नव्या संकुलांची अडचण नेमकी तीच असते.

कागदांच्या बाबतीत मात्र मी जरा कडकच बोलणार आहे. ‘रेरा नंबर आहे’, म्हणजे महारेरा या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची नोंदणी आहे, म्हणून तू निर्धास्त झाली आहेस, तशी होऊ नकोस. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. तिथे राहणाऱ्यांनी कर्ज काढून, मुद्रांक शुल्क भरून, रीतसर नोंदणी करून घरं घेतली होती. तुझ्यासारखीच माणसं होती ती, आणि त्यांची आठवण झाली की मला अस्वस्थ व्हायला होतं. तेव्हा महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प उघडून बघच, पण तिथला बांधकाम प्रारंभाचा दाखला घेऊन नगरपरिषदेत किंवा महापालिकेत जा आणि तो त्यांनीच दिलाय का याची खात्री कर. लागलं तर माहिती अधिकारात अर्ज टाक. सातबारा बिगरशेती झालाय का, विकास आराखड्यात त्या जमिनीवर सार्वजनिक कामासाठी आरक्षण आहे का, हे तुझ्या वकिलाकडून तपासून घे. बिल्डरने सुचवलेला वकील नको. आणि नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही हे लक्षात ठेव. ‘आज बुकिंग केलं तरच हा भाव’ असं म्हणाले तर सरळ उठून ये.

पैशाचा हिशोब तू हप्त्यावरून मांडलास. तो हातातल्या रकमेवरून मांड. समज, कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत ४० लाखांचं घर आहे. ३० लाखांच्या वरच्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे ३२ लाख. ८ लाख तुझे. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे २ लाख ८० हजार. नोंदणी फी ३० हजार. हे दोन्ही कर्जात धरत नाहीत. बांधकाम चालू असेल तर वर जीएसटी. ४५ लाखांच्या आतलं आणि चटई क्षेत्र (घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा) ६० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण ६४५ चौरस फूट, असेल तर १ टक्का, नाहीतर ५. शिवाय पार्किंग, मेंटेनन्सची आगाऊ रक्कम, वकील. साडेअकरा-बारा लाख रोख हाताशी नसताना टोकन देऊ नकोस. घर फक्त तुझ्या नावावर घेतलंस तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. भावाचं किंवा नवऱ्याचं नाव मालक म्हणून लागलं की ती जाते. कर्जाला मात्र ते सहकर्जदार राहू शकतात, त्यासाठी सहमालक असायलाच हवं असं नाही. बँकेत हे स्पष्ट विचार.

भोगवटा मिळालेलं जुनं घर घेतलंस तर जीएसटी नाही, भाडं आणि हप्ता एकाच वेळी भरण्याची पाळी नाही, आणि शेजार कसा आहे ते आधीच दिसतं. दवाखाना, शाळा, बाजार उभे असतात. जुन्या इमारतीत एक गोष्ट न चुकता बघ, जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का. अभिहस्तांतरण (बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे करून देणं) किंवा मानीव अभिहस्तांतरण (बिल्डर करून देत नसेल तर सरकारी अधिकाऱ्याकडून ते करून घेणं) झालं नसेल तर भाव खाली आण. एका खोलीचं म्हणशील, तर आईबाबा आले की अडचण होईल, खरं आहे. ती अडचण वर्षातून काही दिवसांची. माळावरची अडचण रोज दोन वेळची.

अजून एक करता येईल. ११ महिन्यांचा भाडेकरार करून आधी तिथेच राहा, त्यात एक पावसाळा आणि एक मे महिना येईल असा. भाव तेवढ्यात वाढेल ही भीती एजंट घालतात, तिला फार किंमत देऊ नकोस.

सध्या एवढंच कर. दोन्ही प्रकल्पांचे रेरा नंबर मला पाठव, आणि नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून त्या भागातल्या अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहारांचे सारांश, काढ. लोक प्रत्यक्ष कितीला घेतायत ते त्यात दिसेल. शनिवारी दुपारी ते घेऊन माझ्याकडे ये. मी बदलापूर पूर्वेच्या दोन जुन्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींना सांगून ठेवलंय, संध्याकाळी पायीच जाऊन बघून येऊ.

तुझी,
ताई