मँटलची खनिजं आवडतात, मग मॅथ्स सोडू का?

तुझं पत्र मिळालं. बारावीत आहेस, ऑलिव्हिनचा हिरवा खडा पाहिल्यापासून पृथ्वीच्या पोटातल्या खनिजांवरच काम करायचंय, पण मॅथ्स जड जातं म्हणून ते सोडून नुसतं जिऑलॉजी घ्यावं का असं विचारलंयस, आणि आई म्हणते जिथे कोणी पोचूच शकत नाही त्याचा अभ्यास करून नोकरी कोण देणार.

मॅथ्स सोडू नकोस, हे आधी सांगते. आईचं म्हणणं अर्धं खरं आहे, माणसाने खणलेलं सगळ्यात खोल भोक जेमतेम 12 किमीचं आणि मँटल, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालचा जाड थर, तर 2900 किमीपर्यंत, म्हणजे तिथलं जवळपास सगळं दुरूनच ओळखावं लागतं, आणि दुरून ओळखायचं म्हणजे फिजिक्स आणि मॅथ्स आलंच. साधारण 410 किमीवर भूकंपाच्या लहरी एकदम वेग घेतात. का? तर दाबाखाली ऑलिव्हिनचे अणू जास्त घट्ट बसतात आणि त्याचं वाड्स्लेआइट नावाचं दुसरं खनिज होतं, मग 520 च्या आसपास रिंगवूडाइट, आणि 660 च्या खाली ब्रिजमनाइट. हे लॅबमध्ये कसं तपासतात माहितीये? दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये धुळीएवढा नमुना दाबतात, हिरा पारदर्शक असल्यामुळे त्यातूनच लेझरने तापवतात आणि एक्स-रे सोडून अणूंची रचना वाचतात. मला तर हे कितीदाही सांगितलं तरी भारी वाटतं! ब्रिजमनाइट हे पृथ्वीतलं सगळ्यात जास्त असलेलं खनिज, पण त्याला नाव मिळालं थेट 2014 मध्ये, कारण खनिजाला अधिकृत नाव द्यायला नैसर्गिक नमुना लागतो आणि तो शेवटी 1879 ला पडलेल्या एका उल्केत सापडला. म्हणजे करण्यासारखं काम अजून भरपूर आहे.

नोकरीचं खरं सांगायचं तर निव्वळ मँटलवर रिसर्च करायचा असेल तर पीएचडी लागतेच आणि जागा कमी असतात, हे आईपासून लपवू नकोस. पण एक्स-रे डिफ्रॅक्शन (एक्स-रेने अणूंची रचना वाचणं), मायक्रोस्कोपी, कोडिंग हे हाताला आलं की मटेरियल सायन्स, सिरॅमिक, खाणकाम इकडेही वळता येतं.

आत्ता एक कर, जवळच्या जिऑलॉजी विभागात विनंती करून पेरिडोटाइटची, म्हणजे ऑलिव्हिनने भरलेल्या मँटलच्या खडकाची, स्लाइड पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली बघ. 0.03 मिमी जाडीचा काप असतो, स्टेज फिरवली की ऑलिव्हिनचे निळे-गुलाबी रंग उजळतात आणि विझतात. आणि मॅथ्समध्ये नेमकं कुठे अडतंय, इंटिग्रेशन की व्हेक्टर, ते कळव, त्यावर पुढच्या वेळी सविस्तर लिहिते.