जुन्या स्पोर्ट्स कार्डांसाठी संग्राहक खरंच किती पैसे मोजतात?

तुमचे प्रश्न दोन आहेत: जुन्या स्पोर्ट्स कार्डांना, म्हणजे खेळाडूंचं चित्र छापलेल्या छोट्या कार्डांना, लाखो डॉलर मिळतात हे खरं का, आणि काकांच्या कपाटात सापडलेल्या अशा कार्डांच्या डब्याचे किती येतील.

पहिलं खरं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये टॉप्स या कंपनीचं, बेसबॉलपटू मिकी मँटलचं १९५२ सालचं कार्ड लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. विकणाऱ्याने ते १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला घेतलं होतं (पुढचे आकडेही डॉलरमध्येच). त्याच महिन्यात जुना बेसबॉलपटू होनस वॅगनरचं, टी२०६ नावाच्या मालिकेतलं कार्ड साडेबहात्तर लाखांना विकलं गेलं. शंभरेक वर्षांपूर्वी या मालिकेची कार्डं सिगारेटच्या पाकिटातून यायची. वॅगनरचं छापणं लवकरच थांबलं, म्हणून त्याची मोजकीच कार्डं उरली आहेत.

पण मँटलचं तेच कार्ड कोपरे झिजलेलं, मधोमध घडी पडलेलं असेल तर हजारांतच विकलं जातं. खेळाडू तोच, वर्ष तेच. फरक फक्त अवस्थेचा. २०२२ मध्ये विकल्या गेलेल्या त्या मँटल कार्डाला १० पैकी ९.५ ग्रेड, म्हणजे अवस्थेचे गुण, होता. ग्रेड देणारे भिंगाखाली कोपऱ्याचं टोक शाबूत आहे का बघतात, कडेला कागदाचे तंतू सुटलेत का, चित्राच्या डाव्या-उजव्या पांढऱ्या पट्ट्या सारख्या रुंदीच्या आहेत का, पृष्ठभागावर रेघ आहे का, तेही बघतात. नऊ आणि दहामधला फरक नुसत्या डोळ्यांना बऱ्याचदा कळतही नाही, किंमत मात्र कितीतरी पट बदलते.

म्हणूनच कडा कातरून कोपरे तीक्ष्ण करण्याचा उद्योग चालतो, आणि मला या छंदातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच वाटते. आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्कीने एका भागीदारासोबत १९९१ मध्ये ४ लाख ५१ हजारांना घेतलेलं वॅगनर कार्ड पुढे २००७ मध्ये २८ लाखांवर गेलं. त्याच्या कडा आपणच कापल्या होत्या, अशी कबुली एका लिलावदाराने २०१३ मध्ये न्यायालयात दिली.

भाव चढतात तसे पडतातही. बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनचं, फ्लीअर कंपनीचं १९८६ चं कार्ड, दहा ग्रेडचं, जानेवारी २०२१ मध्ये ७ लाख ३८ हजारांना गेलं. दीडेक वर्षात तेच दोन लाखांच्या आसपास मिळू लागलं. दहा ग्रेडची अशी तीनशेहून जास्त कार्डं आहेत, त्यामुळे ते दुर्मिळ म्हणता येत नाही. भाव होता तो मागणीचा.

बहुतेक संग्राहक या आकड्यांच्या जवळपासही जात नाहीत. मीसुद्धा झिजलेल्या कोपऱ्यांची जुनी कार्डं घेऊन संच पुरा करणाऱ्यांपैकी आहे. आमच्यासारखे लोक साध्या खेळाडूच्या कार्डाला थोडेच डॉलर देतात, पण आवडीने देतात.

आता तुमचा डबा. कार्डं १९८० च्या दशकाच्या अखेरची किंवा १९९० च्या सुरुवातीची असतील तर फार आशा धरू नका, तेव्हा ती बेसुमार छापली गेली. त्याआधीची असतील तर आधी साल आणि खेळाडू बघून वेगळी काढा. पुसू नका, रबरबँड लावू नका, सरळ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा. भाव बघताना विक्रेत्याने मागितलेला आकडा धरू नका, त्याच ग्रेडचं कार्ड प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं ते शोधा. लिलावात खरेदीदाराचं कमिशनही जाहीर आकड्यात धरलेलं असतं, त्यामुळे तुमच्या हातात तेवढे येणार नाहीत.